उंदरांवरील मद्यावलंबनाचा प्रयोग : आखणी, मोजमाप आणि पारख

उंदीर भरपूर मद्य पितो म्हणजे तो मद्यावलंबी झाला, असे होत नाही. प्रयोगाची आखणी करताना हा फरक पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावा लागतो, कारण बाटलीतील पातळी किती उतरली एवढेच मोजले तर आवड कळते, अवलंबन कळत नाही. अवलंबन म्हणायचे तर मद्य बंद केल्यावर विड्रॉवलची, म्हणजे मद्य तुटल्याने शरीरात उठणाऱ्या त्रासाची, लक्षणे दिसायला हवीत, नंतरचे पिणे त्याच प्राण्याच्या आधीच्या पिण्यापेक्षा वाढलेले असावे, आणि शक्य असल्यास काही त्रास सोसूनही तो पितो का, हे तपासलेले असावे. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीकडे परवानगीसाठी जो आराखडा द्यायचा, त्यातही यांपैकी नेमके काय सिद्ध करायचे आहे आणि कोणत्या टप्प्यावर प्राण्याला प्रयोगातून बाहेर काढायचे, हे स्पष्ट लिहावे.

उंदरांच्या वाणाची, म्हणजे आनुवंशिक जातकुळीची, निवड प्रश्नावर अवलंबून असते. वेगवेगळ्या वाणांच्या उंदरांची मद्याची आवड अत्यंत भिन्न असते, हे मॅक्लर्न आणि रॉजर्स यांनी १९५९ मध्येच दाखवले होते. सी५७बीएल/६जे वाणाचे उंदीर आपणहून भरपूर पितात, पण त्यांच्यातील विड्रॉवल सौम्य असते. डीबीए/२जे वाणाचे उंदीर मद्याला तोंड लावायला नाखूष असतात, मात्र त्यांच्यातील विड्रॉवलचे झटके तीव्र असतात. त्यामुळे पिण्याचा अभ्यास करणारे बहुधा पहिल्या वाणाकडे वळतात. नर आणि मादी दोन्ही घ्यावेत, आणि माद्या सहसा वजनाच्या प्रमाणात जास्त पितात हे लक्षात घेऊन त्यांची आकडेवारी वेगळी पाहावी.

पायाभूत पिणे मोजण्यासाठी दोन बाटल्यांची पद्धत पुरेशी आहे : एका बाटलीत पाणी, दुसरीत इथेनॉलचे, म्हणजे मद्यातील अल्कोहोलचे, द्रावण. द्रावण ३ टक्क्यांपासून सुरू करून ६, १० असे वाढवत नेले म्हणजे प्राणी चवीला सरावतो. पद्धत सोपी दिसते, पण चुकते ती किरकोळ वाटणाऱ्या कारणांनी. उंदराला पिंजऱ्याच्या एका बाजूची सवय लागते, म्हणून बाटल्यांच्या जागा रोज बदलाव्यात. पिंजरा हलला की नळीतून थेंब गळतात. त्यासाठी उंदीर नसलेल्या पिंजऱ्यावरही तशाच दोन बाटल्या लावून गळतीचे प्रमाण काढावे आणि ते प्रत्येक नोंदीतून वजा करावे. नंतर हिशेब प्रति किलो वजनामागे ग्रॅममध्ये मांडावा. २५ ग्रॅम वजनाचा उंदीर दिवसभरात १० टक्के द्रावण ३ मिलिलिटर प्यायला, तर ३ गुणिले ०.१ गुणिले ०.७८९ (इथेनॉलची घनता), म्हणजे सुमारे ०.२४ ग्रॅम इथेनॉल पोटात गेले. किलोमागे हे प्रमाण जवळपास ९.५ ग्रॅम होते. हा आकडा माणसाच्या मापाने डोळे विस्फारणारा वाटतो, पण उंदीर मद्य फार वेगाने पचवतो आणि ते दिवसभरात थोडे थोडे पितो, त्यामुळे रक्तातील पातळी बरेचदा नाममात्रच राहते.

रक्तातील पातळी खरोखर चढवायची असेल, तर अंधाराच्या वेळेचा उपयोग करावा. दिवे मालवल्यानंतर ३ तासांनी पाण्याच्या जागी २० टक्के इथेनॉलची बाटली पहिले तीन दिवस २ तासांसाठी आणि चौथ्या दिवशी ४ तासांसाठी ठेवली, तर सी५७बीएल/६जे उंदरांच्या रक्तात डेसिलिटरमागे ८० मिलिग्रॅमच्या वर मद्य आढळते. ही झिंगेपर्यंत पिण्याची प्रतिकृती आहे. तिला अवलंबनाची प्रतिकृती म्हणू नये.

अवलंबन घडवण्यासाठी सर्वाधिक वापरली जाते ती इथेनॉलच्या बाष्पाची पद्धत. डोरा गोल्डस्टाइन आणि नंदिता पाल यांनी १९७१ मध्ये बाष्पाद्वारे उंदरांत अवलंबन निर्माण करून विड्रॉवलची श्रेणी लावण्याची रीत मांडली. आज प्रचलित असलेल्या खंडित पद्धतीत उंदीर रोज १६ तास बाष्पकक्षात आणि ८ तास बाहेर, असे सलग ४ दिवस ठेवले जातात. त्यानंतर सुमारे ३ दिवसांची विश्रांती आणि ५ दिवसांची पिण्याची चाचणी, हे एक आवर्तन. अशी आवर्तने पुन्हा पुन्हा करण्यामागे कारण आहे : विड्रॉवलचे प्रसंग जितके जास्त वेळा येतात, तितका पुढचा प्रसंग अधिक तीव्र होतो. मद्य झपाट्याने पचू नये म्हणून कक्षात सोडण्यापूर्वी पायराझोल टोचले जाते, कारण ते अल्कोहोल डिहायड्रोजनेज या विकराला रोखते. तुलनेसाठी नुसत्या हवेत ठेवलेल्या नियंत्रण गटालाही पायराझोल द्यावेच लागते. ते दिले नाही तर दिसलेला फरक मद्याचा की औषधाचा, हे सांगता येत नाही. रक्तातील पातळी डेसिलिटरमागे १७५ ते २२५ मिलिग्रॅमच्या आसपास राहावी, म्हणून अधूनमधून नमुने घेऊन बाष्पाचे प्रमाण जुळवावे. बाष्प ज्वलनशील असल्याने कक्षाचे वायुवीजन आणि विजेची जोडणी यांबाबत तडजोड करू नये.

विड्रॉवल पाहण्यासाठी कक्षातून बाहेर काढल्यानंतर पहिले १० तास दर तासाला तपासणी करावी. उंदराला शेपटीला धरून उचलतात आणि तेवढ्याने काही दिसले नाही, तर हलकेच १८० अंशांत फिरवतात. फिरवल्यावर चेहरा किंचित आकसला तर १ गुण, तर उचलण्यापूर्वीच जोराचा झटका आला तर ७ गुण. गुण देणाऱ्याला कोणता उंदीर कोणत्या गटातला, हे ठाऊक नसावे. झटके प्राणघातक ठरू शकतात, म्हणून वजनातील घट, थंड पडलेले अंग आणि निपचितपणा यांवर नजर ठेवावी, आणि प्राण्याला प्रयोगातून बाहेर काढण्याचा ठरलेला निकष गाठला गेला की निर्णय लांबवू नये.

यानंतरची पिण्याची चाचणी हाच खरा कस. बाष्प घेतलेल्या गटाचे पिणे त्यांच्याच आधीच्या नोंदींपेक्षा आणि हवा घेतलेल्या गटापेक्षा वाढले, तर दावा भक्कम होतो. द्रावणात क्विनाइन मिसळून ते कडू केल्यावरही पिणे कमी होत नसेल, तर पिण्यातील आटोक्याबाहेरच्या ओढीची खूण मिळते. मात्र क्विनाइन मिसळलेल्या साध्या पाण्याची चाचणीही घ्यावी, नाहीतर प्राण्याला कडवटपणा जाणवतच नाही ही शक्यता उरते. नाल्ट्रेक्सोनसारखे मद्यपान कमी करणारे औषध तपासताना हीच शिस्त सॅकरिनच्या गोड पाण्याला लावावी : औषधाने मद्यासोबत सॅकरिनचे पाणी पिणेही तितकेच घटले, तर परिणाम फक्त मद्यापुरता आहे असे लिहिता येणार नाही.