अरुंद गाळ्यात ५०० किलो: ट्रॉलीखाली शिरणारा रोबो कसा आखावा

भोसरी-चाकणकडच्या लहान गाळ्यांत मशीनच्या रांगांमधली वाट कित्येकदा जेमतेम सव्वा मीटरची असते. फोर्कलिफ्ट तिथे शिरतच नाही. अशा जागी ट्रॉलीखाली शिरून ती ४० मिमी उचलणारा बुटका रोबो कामाला येतो. खालचे आकडे ट्रॉलीसकट ५०० किलो माल, १२० किलोचा रोबो आणि ९०० × ६५० × २५० मिमीचा सांगाडा धरून काढले आहेत.

आधी टेप घ्या, मोटरचा कॅटलॉग नंतर. वळताना जागा खातो तो ट्रॉलीचा कर्ण. ट्रॉलीच्या पायांमध्ये ७५० मिमी मोकळे आणि पाय ५० मिमीच्या चौकोनी पाइपचे, म्हणजे बाहेरून ८५०. लांबी १००० असेल तर कर्ण १३१२. दोन्ही बाजूंना १०० सोडले की जागच्या जागी फिरायला साधारण १५१० मिमी लागतात, सरळ जायला मात्र १०५० पुरतात. म्हणून वळणं फक्त चौकात ठेवा आणि रोबो पुढे-मागे सारखाच चालेल असा करा. कडेला तिरके रोलर बसवलेल्या, आडव्या सरकणाऱ्या मेकॅनम चाकांचा मोह टाळा: रोलर जेमतेम टेकतात, तेलकट फरशीवर घसरतात आणि टर्निंगची बर (कातताना निघणारे धातूचे तुकडे) त्यांच्यात अडकते.

पायांमध्ये शिरताना दर बाजूला ५० मिमी उरतात. रोबो २ अंश तिरका असला तर टोकाला १६ जातात, जागा ओळखण्यातल्या चुकीचे १० धरा. हातात राहतात २४. पायांना आतून नायलॉनच्या पट्ट्या लावायच्या असतील तर त्यांची जाडी यातूनच जाणार.

मोटरचं गणित सोपं आहे. एकूण ६२० किलो. पॉलियुरेथेन चाकांचा लोळण-रोध २ टक्के धरून १२२ न्यूटन, ३ टक्के चढाला १८२, ०.३ मी/से² वेग घ्यायला १८६. बेरीज ४९०. १५० मिमी व्यासाच्या दोन चाकांवर वाटलं तर प्रत्येकी १८.४ न्यूटन-मीटर, दीडपट धरून २८. ०.८ मी/से वेगाला चाक १०२ आरपीएमने फिरतं. म्हणजे ३००० आरपीएमची ४०० वॅटची ४८ व्होल्ट बीएलडीसी (ब्रशविना चालणारी डीसी) मोटर आणि वेग तीस पटीने उतरवणारा ३०:१ प्लॅनेटरी गिअरबॉक्स. वीज जाताच आपोआप लागणारा ब्रेक असलेलीच मोटर मागवा.

खरी गोची मोटरमध्ये नसते, चाक टेकण्यात असते. मध्ये दोन चालती चाकं, चार कोपऱ्यांत कॅस्टर (मोटर नसलेली, कुठेही वळणारी आधाराची चाकं), सगळं एकाच ताठ प्लेटवर: असा सांगाडा ट्रिमिक्सच्या (काँक्रीटच्या) फरशीतल्या ३ मिमीच्या उंचवट्यावर आला की कॅस्टर भार उचलतात आणि चालतं चाक हवेत गरगरतं. मग स्प्रिंग लावायची कल्पना सुचते. तेलकट फरशीवर घर्षण ०.२५ धरलं तर ४९० न्यूटन ओढायला चालत्या चाकांवर २०० किलो भार हवा. तेवढ्या ताणाच्या स्प्रिंग १२० किलोच्या रिकाम्या रोबोला कॅस्टरवरून उचलतात आणि तो सी-सॉसारखा डुलतो. स्प्रिंग सैल केल्या तर माल चढवल्यावर चाक घसरतं.

म्हणून रॉकर, म्हणजे पिनेवर झुलणारा दांडा. दोन्ही बाजूंना एकेक दांडा, पुढच्या टोकाला कॅस्टर, त्याच्या ३५० मिमी मागे चालतं चाक. सांगाडा दांड्यावर ज्या पिनेने बसतो ती चालत्या चाकापासून ११७ मिमी पुढे घ्या. मागचे दोन कॅस्टर चाकाच्या ३५० मागे, एकाच आडव्या पट्टीवर, आणि ती पट्टी मधोमध एका पिनेवर झुलती. सांगाडा आता तीनच बिंदूंवर टेकतो. भाराचा मध्य चाकांच्या रेषेवर असेल तर निम्मा भार कायम चालत्या चाकांवर येतो: रिकामं असताना ६० किलो, भरल्यावर ३१०. त्यातून ७६० न्यूटन पकड मिळते, हवी ४९०. बॅटरीही त्याच रेषेजवळ ठेवा. रॉकरची पिन चाकाच्या आसापेक्षा वर नको. उंच पिनेमुळे ब्रेक लागताना किंवा मागे निघताना चालत्या चाकावरचा भार हलका होतो.

उचलायला चार टीआर २०×४ स्क्रू (२० मिमी व्यास, एका फेऱ्यात ४ मिमी चढणारे), एका साखळीने जोडलेले. ४० मिमी १० सेकंदांत उचलायला ६० आरपीएम आणि सुमारे ६५ वॅट लागतात. १२० वॅटची मोटर पुरते. हे स्क्रू स्वतःहून उतरत नाहीत. गोळ्यांवर फिरणारा बॉल स्क्रू घेतला तर तो उतरू शकतो, म्हणून ब्रेक वेगळा लावावा लागेल.

बॅटरी ५१.२ व्होल्ट ४० एएच एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट). सरासरी २२० वॅट खर्चाला, पाव चार्ज राखून, सात तास.

सेफ्टी लायडार (लेझरने अडथळे हेरणारा सेन्सर) लावताना ट्रॉलीचे पाय विसरू नका. ट्रॉली उचलताच ते कायमचा अडथळा म्हणून दिसतात आणि रोबो जागचा हलत नाही. तेवढे कोन मास्क करा, म्हणजे लायडारला तिकडे दुर्लक्ष करायला लावा, पण मास्कमुळे पडलेली आंधळी पट्टी दुसऱ्या कोपऱ्यातल्या लायडारने झाका. थांबण्याचं अंतर ०.५ मी/से² मंदनाने आणि ०.३ सेकंद प्रतिसादाने ०.८८ मीटर, संरक्षित पट्टा १.१ मीटरच्या खाली नेऊ नका. ज्या वाटेत माणसाला बाजूला व्हायला ५०० मिमी उरत नाहीत, तिथे आयएसओ ३६९१-४ (चालकाविना चालणाऱ्या औद्योगिक गाड्यांचं सुरक्षा मानक) प्रमाणे फरशीवर धोक्याची खूण करा आणि वेग उतरवा.

पहिली चाचणी पूर्ण भाराने घ्या, रोबो उभा असताना. चारही कॅस्टरखाली आळीपाळीने ५ मिमीची पट्टी सारा आणि दर वेळी चालत्या चाकाखालची कागदाची चिठ्ठी ओढून बघा. चिठ्ठी निसटली तर रॉकरची पिन तरी अडकली आहे, नाहीतर दांडा सांगाड्याला खालून टेकतो आहे.