सुईने नशा करणाऱ्यांमधला लपलेला हिपॅटायटिस सी कसा शोधायचा (इंदूरच्या टीमसाठी)

हॉस्पिटलच्या रजिस्टरवरून हा आजार मोजायला गेलात तर हाती काही लागणार नाही. सुई लावणारा माणूस हॉस्पिटलात जातच नाही, तिथे वॉर्डबॉयपासून सगळे त्याला हाकलतात, आणि हिपॅटायटिस सी तर वर्षानुवर्षं काही त्रासच देत नाही, मग एक दिवस पोटात पाणी भरतं आणि घरचे उचलून एमवायला (इंदूरचं मोठं सरकारी हॉस्पिटल) आणतात, तोवर लिव्हर गेलेलं असतं. म्हणून आपणच शोधायला जायचं.

पण टेस्टच्या किट मागवायच्या आधी पुढची सोय बघा. २८ जुलै २०१८ पासून हिपॅटायटिसचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे, त्यात तपासणी आणि औषध दोन्ही फ्री आहे. जिल्ह्याच्या ट्रीटमेंट सेंटरवर स्वतः जाऊन विचारून या की ओपीडी कोणत्या वारी, आरएनए टेस्टचं (व्हायरस आत्ता रक्तात आहे का ते हीच सांगते) सॅम्पल कुठे जातं, रिपोर्ट कोणाच्या हातात पडतो. हे ठरलं नसेल तर कॅम्प घेऊच नका, माझं स्पष्ट मत. बोटाच्या रॅपिड टेस्टवर दोन रेघा आल्या म्हणजे एवढंच कळतं की व्हायरस कधीतरी शरीरात आला होता, साधारण दहातल्या तिघांचा तो आपोआप निघूनही जातो, आरएनए टेस्ट झाल्याशिवाय कोणाला "तुला आजार आहे" म्हणायचं नाही. आणि "परवा हॉस्पिटलला येऊन रक्त दे" सांगितलं की अर्धे लोक गायब. तेव्हा रॅपिड पॉझिटिव्ह आली की त्याच खुर्चीवर, त्याच वेळी आरएनएचं रक्त घ्या.

आता माणसं कुठून आणायची. नॅकोच्या (सरकारची एड्स नियंत्रण संस्था) टीआय प्रोजेक्टचे, म्हणजे जास्त धोक्यातल्या लोकांसाठीच्या कामाचे, पीअर एज्युकेटर (त्याच लोकांमधले कार्यकर्ते) आणि ओएसटी सेंटर (सुईच्या नशेऐवजी औषधाची गोळी देतात ते), सुरुवात इथूनच, कारण ओएसटीची गोळी घ्यायला माणूस रोज सकाळी येतोच. पण त्यांच्या यादीत तेच असतात जे आधीच सापडलेत. बायका, घरातच दार लावून सुई घेणारे, कॉलेजची नवी पोरं, देवास नाक्याकडचे ट्रकवाले, हे यादीत नसतात आणि खरा घोळ तिथेच आहे. यासाठी कूपनची पद्धत आहे, डग्लस हेकाथॉर्न नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९९७ मध्ये मांडलेली. वेगवेगळ्या प्रकारची पाच-सहा माणसं निवडायची (एक तरी बाई हवीच, नाहीतर पुढे बायका येतच नाहीत), प्रत्येकाला तीन नंबरी कूपनं द्यायची, त्याने आपल्या ओळखीच्यांना द्यायची, ते आले की त्यांना परत तीन. येण्याजाण्याचे थोडे पैसे द्या, पण जास्त देऊ नका, रक्कम मोठी झाली की कूपनं विकली जातात आणि ज्याने कधी सुईला हात लावला नाही तोही लाइनीत उभा राहतो. खरा कोण ते पीअरला दोन मिनिटांत कळतं, त्याला दारावर बसवा, डॉक्टरला नको.

जागा अशी बघा की बाहेर बॅनर नसेल आणि पोलीस चौकी समोर नसेल. ठाण्यात आधी सांगून ठेवलेलं बरं, पण नावं कोणालाही द्यायची नाहीत. आणि किटचं टेम्परेचर! बहुतेक किटवर २ ते ३० डिग्री लिहिलेलं असतं, मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि लोक किट अ‍ॅक्टिव्हाच्या डिकीत टाकून फिरतात, मग टेस्ट चुकली की किटला शिव्या. कूल बॉक्स न्या. रिझल्ट किटवर लिहिलेल्या मिनिटांतच वाचा, तासाने उगवलेली रेघ धरायची नाही.

रक्त घेताना एक गोष्ट लक्षात ठेवा. वर्षानुवर्षं टोचून हाताच्या शिरा गेलेल्या असतात, टेक्निशियन चार वेळा खुपसतो, माणूस कळवळतो आणि परत येत नाही. त्यापेक्षा सरळ विचारा, "भिया, कौनसी नस चलती है?" तो पाय पुढे करेल नाहीतर मनगटाची बारीक शीर दाखवेल, त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. शीर मिळालीच नाही तर बोटाचं रक्त फिल्टर पेपरच्या गोलांवर घ्या, पण लॅब असं सॅम्पल घेते का ते आधी विचारा. पेपर किमान चार तास सावलीत सुकवायचा, मग सिलिका जेलची पुडी टाकून झिप बॅगेत. वापरलेली सुई पंक्चर न होणाऱ्या पांढऱ्या डब्यात, तिथल्या तिथे.

त्याच बैठकीत हिपॅटायटिस बी आणि एचआयव्ही पण बघा. नॅकोच्या २०१४-१५ च्या सर्व्हेत देशभरातल्या सुई लावणाऱ्यांत एचआयव्ही ९.९ टक्के निघाला होता. बी बघायचं अजून एक कारण, सीची औषधं चालू केल्यावर दबलेला बी उसळू शकतो. बी निगेटिव्ह असेल तर लस, ०, १ आणि ६ महिन्यांनी. एचआयव्हीला २०१७ चा कायदा आहे, संमतीशिवाय टेस्ट नाही आणि रिझल्ट फोडायचा नाही.

रजिस्टरमध्ये नाव नको, कोड लिहा: आईच्या नावाची पहिली दोन अक्षरं, जन्मतारखेचा दिवस, असं काहीतरी जे तो नशेतही परत सांगू शकेल. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रजिस्टरचा फोटो टाकणारा कार्यकर्ता प्रत्येक टीममध्ये एक असतोच, त्याला पहिल्याच दिवशी समज द्या.

आकड्यांचं थोडक्यात. ज्याच्या ओळखी जास्त त्याला कूपन मिळायचा चान्स जास्त, म्हणून प्रत्येकाला विचारा की गेल्या महिन्यात सुई लावणारे ओळखीचे किती जण भेटले, हिशोबात ते धरावं लागतं. शंभरातले चाळीस पॉझिटिव्ह आले म्हणून "इंदूरमध्ये ४० टक्के" असं पेपरवाल्यांना सांगू नका.

औषध साधारण बारा आठवडे, बहुतेकांना रोज सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर, लिव्हर जास्त खराब असेल तर डॉक्टर बदलून देतात. शंभरातले पंच्याण्णव बरे होतात, सुई चालू असली तरी द्यायचं. गोळ्या ओएसटीच्या डोसबरोबर तिथेच दिल्या तर चुकत नाहीत. कोर्स संपल्यावर बारा आठवड्यांनी परत आरएनए. त्यानंतर त्या माणसाला रॅपिड टेस्ट कधीच करू नका, ती बरं झाल्यावरही बहुतेक पॉझिटिव्हच येते, आणि एकदा बरा झालेला परत लागण करून घेऊ शकतो, तेव्हा दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने आरएनएच, आणि सोबत नव्या सुयांचं पाकीट.