जर्मनीत येताय? आधी खिडकी उघडायला शिका

दर सप्टेंबरात नाशिकची पोरं इथे उतरतात. बॅगेत थर्मल असतात, आईने शिवलेली गोधडी असते, मेतकूट असतं. हीटिंगच्या खर्चाचं मात्र कुणी काही सांगून पाठवलेलं नसतं. निफाडला पारा घसरला की द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात, एवढीच आपली ओळख.

इथे भाडं दोन तऱ्हेचं. काल्टमीटे म्हणजे नुसत्या खोल्यांचं. वार्ममीटे म्हणजे वर हीटिंग, पाणी वगैरेचा मासिक हप्ता. मी ‘वार्म’ या शब्दावर भाळलो. तो हप्ता बहुधा अंदाजाने घेतलेली उचल असते, खरा हिशोब वर्ष संपल्यावर होतो. पुढच्या वर्षी पत्र आलं : ६८० युरो आणखी भरा. तेव्हा माझ्या खात्यात चारशेही नव्हते.

दोष माझाच. हीटर दिवसभर ५ वर आणि खिडकी वरून तिरकी उघडी, ‘हवा खेळती राहावी’ म्हणून. म्हणजे मी रस्ता तापवत होतो. हीटरचं ते बटण पंख्याचा रेग्युलेटर नाही, बाबांनो! ३ म्हणजे साधारण २० अंश. ५ वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, नुसती जास्त तापते. हवा बदलायची तर हीटर बंद करून खिडकी पाच-दहा मिनिटं सताड उघडायची आणि लावून टाकायची. जर्मन माणूस जानेवारीतही हे करतो. मी आधी हसायचो.

आता आपले दुसऱ्या टोकाचे वीर. हीटर शून्यावर, अंगात दोन स्वेटर, खोलीत वाळत घातलेले कपडे. फेब्रुवारीत कोपऱ्यात काळी बुरशी धरते आणि डिपॉझिट अडकतं. शिवाय एवढं करून बिल शून्य होतच नाही. केंद्रीय हीटिंगच्या इमारतीत सहसा ५० ते ७० टक्के खर्च वापरानुसार वाटतात, उरलेला घराच्या क्षेत्रफळावर. मोठं घर घेतलंत तर अंगावर गोधडी घेऊनही पैसे जाणारच.

म्हणून घर बघतानाच डोळे उघडे ठेवा. मधल्या मजल्यावर वरच्या-खालच्या शेजाऱ्यांची ऊब फुकट मिळते. छताखालची किंवा कोपऱ्यातली खोली महाग पडते. उंच छताची जुनी घरं फोटोत देखणी दिसतात, तापवायला जड जातात. एनर्जीआउसवाइस, म्हणजे घराला किती ऊर्जा लागते याचा दाखला मागा, घर दाखवताना तो दाखवणं मालकावर बंधनकारक आहे. नव्या दाखल्यांवर ए प्लस (सगळ्यात चांगली) ते एच (सगळ्यात वाईट) अशी श्रेणी असते. जी-एच दिसलं की मी तरी भाडं कितीही कमी असो, ते घर सोडून पुढे जातो.

विजेचा छोटा हीटर विकत आणू नका. वीज इथे गॅसपेक्षा कितीतरी महाग आहे.

मालकाने हिशोब वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांत द्यायचा असतो. त्याच्याच चुकीने उशीर झाला तर जास्तीचे पैसे मागता येत नाहीत. पत्र जर्मनमध्ये आहे म्हणून ड्रॉवरमध्ये टाकू नका. आकडे पटले नाहीत तर मीटरफेराइनचं, म्हणजे भाडेकरू संघाचं सभासदत्व घ्या आणि त्यांना दाखवा. आणि घरात शिरताना, सोडताना प्रत्येक हीटरवरच्या मापकाच्या आकड्याचा फोटो काढून ठेवा.