युद्धकाळातला हवाई दलाचा कापडी बिल्ला मूळचा कुठला? असा ओळखा

जुन्या ट्रंकेत पंखांचा बिल्ला सापडला की आधी तो उलटा करा. पैठणीचा पदर आपण मागून पाहतो ना, तसाच. दहापट भिंग आणि दिवसाचा उजेड पुरे.

मागे एकसारखे, ओळीत बसलेले टाके दिसले, तर काम मशीनचं. ब्रिटन किंवा अमेरिकेतल्या कारखान्यातलं असू शकतं. गाठी, एका नक्षीवरून दुसरीकडे उडी मारलेले धागे, खळ लावून चिकटवलेला कागद किंवा कापड, हे हातकामाचं लक्षण. दुसऱ्या महायुद्धात भारतातल्या कारागिरांनी असे बिल्ले भरपूर बनवले. चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीचा अमेरिकी बिल्ला (वर निळ्यात चिनी सूर्य आणि तारा, खाली लाल-पांढरे पट्टे) तिकडे मशीनवर निघाला आणि इथे जरीतही.

जरीचा धागा पाहा. खरी जर काळवंडते. प्लॅस्टिकची चकाकत राहते, ती नंतरची. चिंच-लिंबाने घासू नका, मुलामाच निघून जातो. मागचा सुटा धागा दोन-तीन मिलिमीटर कापून चिमट्यात धरून जाळा. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, लोकरीला जळक्या केसांचा वास येतो. वितळून कडक मणी झाला तर धागा कृत्रिम, संशय घ्या. नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चखाली धागा निळा-पांढरा चमकला, तर तो बहुधा युद्धानंतरचा. पण हल्लीच्या साबणपावडरीत धुतलेला जुना बिल्लाही चमकतो, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका.

ब्रिटिश बिल्ल्यावरच्या मुकुटाच्या कमानी वर घुमटासारख्या असतील तर राजाचा मुकुट, युद्धकाळात हाच होता. मधे खोलगट असतील तर राणीचा, १९५३ नंतरचा, विषय संपला. उलटं मात्र खरं नाही, नकलांवरही राजाचाच मुकुट असतो. ‘आरआयएएफ’ (रॉयल इंडियन एअर फोर्स) अक्षरांवर फसगत फार होते. भारतीय हवाई दलाला ‘रॉयल’ मिळालं मार्च १९४५ मध्ये आणि ते २६ जानेवारी १९५० पर्यंत टिकलं. युद्धाचे त्यात जेमतेम पाच-सहा महिने.

आपल्याकडे निजामाचा मुलूख होता, त्यामुळे कुठलेही पंख ‘हैदराबाद स्क्वाड्रन’चे (हवाई दलाच्या तुकडीचे) म्हणून खपवले जातात. त्या नावाचं १५२ क्रमांकाचं स्क्वाड्रन ब्रिटिश रॉयल एअर फोर्सचं. त्याच्या चिन्हात निजामाची दस्तार, म्हणजे पगडी, आहे. वैमानिकाच्या पंखांवर मात्र स्क्वाड्रनचा क्रमांक नसतोच. ते ठरवायला लॉगबुक (उड्डाणांची नोंदवही) किंवा सेवापुस्तिका लागते. ट्रंकेच्या तळाशी ती निघाली, तर बिल्ल्यापासून वेगळी करून विकू नका.