नेस्टेड लिस्ट वापरताना या चुका टाळा

रविवारी सकाळी बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या घरी चार-पाच पोरं पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला येतात. नेस्टेड लिस्ट, म्हणजे यादीच्या (लिस्टच्या) आत यादी, हा धडा आला की मी चहाचा कप बाजूला ठेवतो, कारण पुढचं मला पाठ आहे. कोणीतरी हे लिहिणारच:

आसने = [[०] * १८] * १२

वाचायला सोपं म्हणून इथे आकडे देवनागरीत दिलेत, चालवताना इंग्रजीच टाका. चलाचं (व्हेरिएबलचं) नाव मात्र पायथन ३ ला मराठीतही चालतं. बारा रांगा, रांगेत अठरा खुर्च्या, सगळ्या रिकाम्या. छापून पाहिलं तर अगदी बरोबर दिसतं, आणि तिथेच सगळे फसतात.

आमच्या ओळखीच्या एका मंडळाच्या एकांकिकांची तिकीटविक्री अशाच ओळीवर चालली होती. प्रोग्राम माझ्याच एका विद्यार्थ्याचा. "काका, एकदा नजर टाका ना," म्हणाला होता. मी टाकली नाही, हा माझा दोष. त्याने तपासलं होतं म्हणे: एक खुर्ची विकली, तीच छापली, १ आला, झालं काम. विक्री सुरू झाली फोनवर. रांग आणि खुर्ची टाकली की स्क्रीन 'रिकामी' किंवा 'गेली' एवढंच सांगायचा. दुपारपर्यंत हाऊसफुल! मंडळाने पेढे वाटले, उशिरा फोन करणाऱ्यांना हात जोडले.

प्रयोगाच्या संध्याकाळी २१६ खुर्च्यांच्या सभागृहात अठरा माणसं. दारावरचा गुजराती वॉचमन मला म्हणाला, "साहेब, आवुं हाउसफुल होय?" मी बाल्कनीत जाऊन खाली पाहिलं आणि चक्क हसू आलं. अठरा माणसं पांगून बसलेली, पण एकाच्याही बरोब्बर मागे दुसरा नाही. प्रत्येक उभ्या ओळीत एकच माणूस. पहिल्या रांगेतली सात नंबरची खुर्ची विकली की बाराही रांगांतली सात नंबरची 'गेली' व्हायची. अठरा तिकिटं गेली की सभागृह भरलं.

कारण साधं आहे. बाहेरच्या लिस्टमध्ये आतली लिस्ट नसतेच, तिचा पत्ता असतो. गुणिले बारा केलं की तोच पत्ता बारा वेळा लिहिला जातो. वाड्याला दारं बारा, आत खोली एकच. आतल्या [०] * १८ ने मात्र काही बिघडत नाही, कारण शून्य हा आकडा स्वतः बदलत नाही, आपण त्या जागी दुसरा आकडा आणून ठेवतो. शंका आली तर आसने[०] आणि आसने[१] यांच्यामध्ये 'इज' टाकून विचारा. ट्रू आलं तर खोली एकच.

एका ओळीत, कॉम्प्रिहेन्शनने (लूप थेट चौकटी कंसातच लिहून), हे नीट करता येतं हे मलाही माहीत आहे. पण माझ्याकडे पहिले काही महिने ते बंद. रिकामी लिस्ट घ्या, लूप फिरवा, प्रत्येक फेरीत नवी रांग बनवून अपेंड करा, म्हणजे शेवटी जोडा. तीन ओळी जास्त जातात, जाऊ देत. दुसऱ्या आठवड्यात मशीन लर्निंग विचारणाऱ्यांना या तीन ओळींचा फार कंटाळा येतो. आणि तपासताना बदललेली खुर्ची छापू नका, ती बरोबरच असणार. एक कोपरा बदला आणि सगळा तक्ता रांगेगणिक छापा.

याच चुकीचा धाकटा भाऊ म्हणजे नक्कल. बुकिंग रद्द झालं तर मागे जाता यावं म्हणून त्याच पोराने नंतर जुनी = आसने[:] असं लिहिलं; [:] म्हणजे पूर्ण लिस्टची नक्कल. बाहेरची लिस्ट नवी झाली, आतल्या रांगा त्याच. आसने बदललं की जुनीही बदलली. लिस्टचं कॉपी वापरलं तरी हेच होतं. कॉपी मॉड्यूलमधलं डीपकॉपी सगळं आतपर्यंत नवं करतं. दोनच पातळ्या असतील तर मी लूपमध्ये एकेका रांगेची [:] ने नक्कल घेतो, कारण काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं.

बाकीच्या चुका किरकोळ, पण रोजच्या. आसने[२, ३] नाही, आसने[२][३]. मोजणी शून्यापासून, म्हणून तिसरी रांग म्हणजे [२], हे पाचव्यांदा सांगतोय. दोन आतल्या लिस्टमधला स्वल्पविराम विसरलात तर पायथन ३.८ पासून तो स्वतःच विचारतो, स्वल्पविराम राहिला का. तो इशारा वाचत चला. 'इन' आत डोकावत नाही: [[५]] मध्ये ५ शोधाल तर फॉल्स येईल. एक्स्टेंडच्या (दुसऱ्या लिस्टमधले घटक सुटे जोडण्याच्या) जागी अपेंड केलंत तर फुकटची एक पातळी वाढते. लूप चालू असताना त्याच लिस्टमधून रांगा काढू नका, मधल्या सुटतात.

सगळ्या पातळ्या सपाट करणारं रिकर्शन, म्हणजे स्वतःलाच पुन्हा हाक मारणारं फंक्शन, लिहिताना स्ट्रिंग (मजकूर) आधी बाजूला काढा. 'क' या स्ट्रिंगवर लूप फिरवला की आतून पुन्हा 'क'च निघतो, आणि हजार हाकांच्या आसपास प्रोग्राम हात टेकतो.

पुढच्या खेपेला दोन दिवसांचे प्रयोग होते, म्हणून पोराने तिसरी पातळी घातली: आसने[१][३][६]. मी विचारलं, यातला ३ कोण? तो थांबला, वर जाऊन स्वतःचाच कोड वाचून आला. मी लॅपटॉप माझ्याकडे ओढला आणि बाहेरची लिस्ट काढून डिक्शनरी लावली, म्हणजे आकड्याऐवजी नावाने शोधायची सोय. नावं 'शनिवार' आणि 'रविवार'.