हलकं रिव्हॉल्व्हर कसं निवडावं: नागपूरच्या परवानाधारकांसाठी

कळमन्याचा अडत्या असो, इतवारीतला सराफ असो की वर्धा रोडवरचा पेट्रोल पंपचालक, परवाना मंजूर झाला की दुकानात पहिली विचारणा एकच होते: सगळ्यात हलकं कोणतं? माझं मत स्पष्ट आहे. आधी हात बघा, मग वजन.

त्याहीआधी परवाना नीट वाचा. नागपूर शहरात तो पोलीस आयुक्त देतात, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. वय २१ पूर्ण हवं, शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र हवं. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवाना ५ वर्षं चालतो. .३८ आणि ९ मिमी ही निषिद्ध बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप) शस्त्रं सामान्य नागरिकाला मिळत नाहीत. म्हणून अमेरिकेतले व्हिडिओ बघून यादी करू नका. तिथली बहुतेक छोटी रिव्हॉल्व्हरं .३८ ची असतात. आपल्याकडे निवड मुख्यतः .३२ आणि .२२ मध्ये.

आता वजन. कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याचं 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर २०१४ मध्ये आलं. टायटॅनियम मिश्रधातूचं, .३२ बोअरचं, वजन सुमारे ५०० ग्रॅम. ईशापूरचं 'निडर' त्याच्याही निम्म्यावर, सुमारे २५० ग्रॅम, पण ते .२२ बोअरचं. २०२३ मध्ये आलेलं कानपूरचंच 'प्रबल' ७०० ग्रॅमच्या आसपास भरतं, मात्र त्याचं सिलिंडर बाजूला उघडतं, त्यामुळे काडतुसं भरणं-काढणं सोपं जातं. २५० ग्रॅमचा मोह लगेच होतो. पण .२२ चं काडतूस दुबळं, आणि रिमफायर (म्हणजे बुडाच्या कडेवर ठोका बसून उडणारं) असल्यानं न उडण्याची शक्यताही जास्त. त्यामुळे हाताला झेपत असेल तर .३२ च घ्यावं, असं मी आग्रहानं सांगेन. .३२ चा धक्का मुळात सौम्य असतो. हलक्या शस्त्रात तो थोडा जास्त जाणवतो, तरी सरावानं सवय होते.

खरी परीक्षा चाप दाबताना होते. दुकानदाराकडून शस्त्र घेताना सिलिंडर उघडून ते रिकामं असल्याची स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करा. मग परवानगी विचारून सुरक्षित दिशेला धरा आणि हॅमर (मागचा घोडा) मागे न ओढता चाप सावकाश दाबा. (.२२ मध्ये रिकामा चाप ओढू नका, चेंबरची कड खराब होते; डमी काडतूस मागा.) अशा वेळी चापाला चार-पाच किलोचा ताण सहज लागतो आणि शस्त्र अर्ध्या किलोचं. म्हणूनच नळीच्या टोकावरची माशी (नेम धरण्याची खूण) हलते. सलग सहा वेळा दाबूनही ती जागेवर राहिली, तर शस्त्र तुमचं. बोट चापापर्यंत पोचायला मूठ फिरवावी लागत असेल, तर ते बाजूला ठेवा, कितीही हलकं असलं तरी. घरातल्या बाईंच्या नावावर परवाना असेल तर ही चाचणी त्यांनीच करावी, नवऱ्यानं नव्हे.

यानंतर बाळगण्याचा विचार. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात असावं, असं शस्त्र नियम २०१६ सांगतात. नुसतं खिशात टाकणं चुकीचंच. चाप पूर्ण झाकणारं होल्स्टर घ्या. हॅमरचं टोक सदऱ्यात अडकतं का, तेही दुकानातच बघा. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, अंगावर पातळ सुती शर्ट असतो, जाड पट्टा नकोसा होतो. हलक्या शस्त्राचा खरा फायदा इथे दिसतो. घामानं पोलाद गंजतं, टायटॅनियमला ती भीती नाही, पण त्यातलेही काही भाग पोलादीच असतात. रोज रात्री काडतुसं काढून कोरड्या कापडानं पुसा, तेलाचा हलका हात फिरवा.

काडतुसं घेताना एक खबरदारी: .३२ रिव्हॉल्व्हरचं आणि .३२ पिस्तुलाचं काडतूस वेगवेगळं असतं. डबीवरचं पूर्ण नाव वाचूनच पैसे द्या. शस्त्राचा क्रमांक परवान्यात चढवून घ्या. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याचा आदेश आला तर ठाण्यात देऊन पावती घ्या, आणि परत घेताना तोच क्रमांक पुन्हा ताडून पाहा.