जुड्या धुवायचं पाणी आधी धिंगरीच्या बेडमधून काढा

मार्च संपत आला. पुण्याजवळच्या मांजरी, लोणी काळभोर, थेऊर या पट्ट्यात मुळा-मुठेला आता जे पाणी आहे, त्यात शहराच्या सांडपाण्याचाच वाटा मोठा. एप्रिल-मेमध्ये कोथिंबीर-मेथीला भाव सापडतो आणि नेमका याच दिवसांत माल सडून परत येतो. शेतकरी औषधाच्या दुकानात धावतो. पण माल वाफ्यात चांगला होता, तो बिघडला धुताना. जुड्या धुवायच्या पाण्याकडे आपण बघतच नाही.

गेल्या उन्हाळ्यात थेऊरकडच्या एका शेतकऱ्याच्या कोथिंबिरीच्या चारशे जुड्या पुण्याच्या गुलटेकडी बाजारातून परत आल्या. संध्याकाळी पाटाच्या पाण्यात खंगाळून ओल्याच गोणपाटात बांधल्या होत्या. सकाळी जुडी सोडली तर वरचा पाला हिरवागार, आणि बंधाखाली देठ काळे, बुळबुळीत, नाकाला झोंबणारा वास. उन्हात तापलेला पाला थंड पाण्यात बुडवला की तुटल्या मुळा-देठांतून पाणी आत ओढलं जातं. पाणी घाण असेल तर सडवणारे जिवाणूही त्याच वाटेने आत जातात. शिवाय कोथिंबीर मिसळीवर, कोशिंबिरीत कच्चीच पडते. नाल्यातले विष्ठेचे जिवाणू थेट कुणाच्या तरी लेकराच्या ताटात जातात, हेही विसरू नका.

आता उपायाचं. सगळ्या शेताचं पाणी गाळणं आपल्या आवाक्यातलं नाही, पण धुण्याला लागणारं चारपाचशे लिटर पाणी सुधारता येतं. धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) ही बुरशी लाकूड-काड कुजवून जगते. त्यात नत्र फार कमी असतं, म्हणून ती जिवाणूही खाते. तिच्या पांढऱ्या तंतूंच्या जाळ्यात गाळ आणि जिवाणू अडकतात, ते वेगळंच. अमेरिकेत पॉल स्टॅमेट्स यांनी आपल्या शेतावर लाकडाच्या चिप्सवर स्ट्रोफॅरिया नावाची बुरशी वाढवली आणि तिच्यातून वाहून आलेल्या पाण्यात विष्ठेचे जिवाणू घटल्याचं दाखवलं. धिंगरीवरही असे प्रयोग झाले आहेत. जिवाणू कमी होतात, संपत नाहीत. हे पाणी पिऊ नका.

धिंगरीवाल्यांचा हंगाम आता उरकतोय, काढणी झालेले बेड, म्हणजे अळिंबी वाढवलेले काडाचे गठ्ठे, बांधावर पडलेले असतात. ते मागून आणा. घेताना एवढं विचारा: काड कशात भिजवलं होतं? निर्जंतुकीकरणाची शिफारस १०० लिटर पाण्याला १२५ मिली फॉर्मेलीन व ७.५ ग्रॅम कार्बेन्डाझिम, १८ तास अशी आहे. अळिंबीसाठी ही रसायनं ठीक, पण आपल्या पाणी गाळायच्या पिंपासाठी गरम पाण्यात काढलेल्या काडाचेच बेड घ्या. आतून पांढरे आणि ताज्या अळिंबीच्या वासाचे हवेत. हिरवे डाग दिसले तर तो बेड नको.

दोनशे लिटरच्या पिंपाला तळाशी तोटी बसवा. खाली वीतभर धुतलेली खडी, वर शेडनेटचा तुकडा, त्यावर बेडचे मोठे ढेकूळ आणि लाकडाच्या चिप्स थर देऊन. नुसतं काड भरू नका, लवकर कुजतं आणि पाण्यालाच घाण करतं. सावलीत आठवडाभर ओलं ठेवा, पांढरी जाळी चिप्सवर चढू द्या. पाणी दुसऱ्या टाकीत रात्रभर निवळून मगच वरून सोडा, धार करंगळीएवढी. पहिले दोन-तीन दिवस तांबूस पाणी येईल, ते झाडांना घाला. पिंप आंब्याखाली ठेवा, वर ओलं गोणपाट. एक दुपार उन्हात कोरडं पडलं की बुरशी मेली समजा, आणि मेलेल्या बेडमधून पाणी आणखी बिघडून येतं.

गाळलेल्या १०० लिटर पाण्यात २५ टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर २० ग्रॅम. आधी तांब्याभर पाण्यात कालवा, वरची निवळी तेवढी ओता. जुड्या दोन मिनिटं बुडवा, मग विहिरीच्या चांगल्या पाण्याने विसळा. हीच पावडर गढूळ पाण्यात टाकली तर घाणच क्लोरीन खाऊन टाकते, म्हणून तर आधी गाळायचं. पिंपात मात्र पावडर पडू देऊ नका, बुरशी मरेल.

दुकानदार ‘पाणी शुद्ध करणारं कल्चर’ म्हणून महागडा डबा पुढे करील. बऱ्याचदा ते ट्रायकोडर्मा, म्हणजे दुसरीच एक बुरशी, असतं. जमिनीसाठी चांगलंच, पण तेच धिंगरीवर हिरवं चढून तिला मारतं. पैसे घालवू नका. त्यापेक्षा पाणी तपासायच्या एचटूएस बाटल्या आणा, विष्ठेचे जिवाणू असलेलं पाणी त्यांत काळं पडतं. एकीत पाटाचं, एकीत पिंपातलं पाणी भरा. दोन्ही काळ्या पडतील, पण पिंपातली उशिरा पडली तर बेड काम करतोय, असा माझा अंदाज. लवकर पडू लागली की बेड बदला. मी तर दीड महिन्यातच बदलतो.

पिंपात उगवलेली अळिंबी खायची नाही, ती पाण्यातले जड धातू साठवते. जुना बेड भाजीच्या वाफ्यातही नको, बांधावरच्या झाडांना टाका. कारखान्याचं पाणी मिसळत असेल तिथे हा उपाय चालणार नाही.

बाकी कामं नेहमीचीच:
– कोथिंबीर बी रगडून, १२ तास भिजवून. हेक्टरी ६० ते ८० किलो
– उन्हाळ्यात पाणी ५ दिवसांनी
– काढणी १५ ते २० सेंमी उंचीला, फुलं येण्याआधी, सकाळी लवकर

यंदा पिंप जमलं नाही तर जुड्या धुऊच नका. मुळांची माती झटकून टाका, सावलीत पसरा, चांगल्या पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं वरून घाला. माती लागलेल्या जुडीला अडत्या दोन रुपये कमी देईल, पण टेम्पो रिकामा करूनच परत येईल.